डागाचं माप

"जे घालवायचं न्हाय, त्याचं माप घे, पोरी. बाकीचं काळं झालं तर होऊ दे की."

कॅमेरा डोळ्याला लावला, की राजेश्वरीला आधी मच्छिंद्रकाकांचं हे वाक्य ऐकू यायचं आणि समोरचं मग दिसायचं. काका जाऊन तीन वर्षं झाली होती. नळदुर्गच्या बसस्टँडसमोरचा त्यांचा फोटो स्टुडिओ आता तीच चालवत होती. पाटीवरचं नाव मात्र तिनं बदललं नव्हतं. अल्बमला फोटो चिकटवायला म्हणून ती त्या दुकानात शिरली, आणि बारा वर्षांत काकांनी तिला उजेड मोजायच्या हातमीटरपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं शिकवलं. शिकवताना ते कधी ओरडले नाहीत. चुकलं की नुसता फोटो तिच्यापुढं सरकवायचे आणि चहा प्यायला निघून जायचे.

आत्ता ती गावाबाहेरच्या तलावाच्या बांधाखाली, ढेकळांत एक गुडघा टेकून बसली होती. वर बांधावर नवरा-नवरी उभे होते आणि त्यांच्या मागं चैत्रातला सूर्य माळाच्या कडेपासून चार बोटं वर होता. लग्नाआधीच्या फोटोंचं काम होतं. माणसांच्या नुसत्या काळ्या आकृत्या आणि मागं पेटलेलं आभाळ, असे फोटो ही राजेश्वरीच्या हाताची खासियत. गावात त्याला सगळे 'काळा फोटो' म्हणायचे.

"अजून किती घोळ घालणार ही बाई?" धुरपदाआत्या वरून म्हणाल्या. "दोन माणसं उभी हायत, बटण दाबायचं. एवढ्यासाठी पंचांग बघायला लागतंय व्हय?"

धुरपदाआत्या म्हणजे नवऱ्या मुलाची, उत्कर्षची आत्या. ऐन तारुण्यात कुंकू पुसलं गेलं तशा माहेरी आल्या, आणि चाळीस वर्षांत भावाची सगळी शेती, सगळं घर त्यांच्या मुठीत आलं. त्यांनी मान हलवल्याशिवाय त्या घरात बियाणंसुद्धा विकत आणत नसत. लग्नाआधी पोरा-पोरीला एकटं सोडायचं नाही म्हणून त्या जातीनं आल्या होत्या, आणि बसायला घरची प्लास्टिकची खुर्ची गाडीत घालून आणली होती.

"सूर्याच्या शेजारच्या आभाळाचं माप घेतीय, आत्या," राजेश्वरी म्हणाली. तिचा आवाज मुळातच खालचा. "थेट सूर्यावर घेतलं तर आभाळसुद्धा विझतंय. आणि माणसांवर घेतलं तर ते पांढरंफटक पडतंय."

"माणसांवर घेऊच नका," आत्या म्हणाल्या. "त्याच्यासाठीच तर तुमाला आणलंय."

बांधावरची मुलगी हे ऐकून हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

मुलगी शिवांजली, तामलवाडीची. सावळी, उंच, सरळ नाकाची. डाव्या डोळ्याच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत तिच्या गालावर कोडाचा पांढरा डाग होता. उत्कर्ष तिच्याबरोबर तुळजापूरला कॉलेजात शिकला होता. करीन तर हिच्याशीच, असा हट्ट त्यानं धरला आणि घरानं लग्नाला होकार दिला, पण अटी घालून. अटी आत्यांच्या. मुलीच्या तोंडाचा फोटो कुठं लागणार नाही. बॅनरवर, पत्रिकेवर, स्टेजमागच्या पडद्यावर, सगळीकडं काळेच फोटो.

राजेश्वरीनं स्पॉट मीटरचा ठिपका सूर्याच्या डाव्या हाताला, नारंगी आभाळावर ठेवला. माप घेतलं, अंगठ्यानं लॉक केलं आणि फ्रेम परत दोघांवर आणली. फ्लॅश बंद होता. चेहरा ओळखायची सोयही तिनं दुकानातूनच बंद करून आणली होती. नाहीतर माणसाचं तोंड सापडलं, की कॅमेरा त्यालाच उजळवायला धावतो आणि आभाळ वाया जातं.

"शिवांजलीताई, जरा दादांकडं वळा. पूर्ण बाजूनं. दोघांच्या नाकांच्या मधी उजेड दिसला पायजे, न्हायतर दोन माणसांची एकच ढेप दिसतीय."

"नाक दिसलेलं चालतंय का?" शिवांजलीनं मान न वळवता विचारलं. "विचारा आत्यांना. नाकाचं काय ठरलं न्हवतं."

"तोंड लई चालतंय हिचं," आत्या म्हणाल्या. "अजून अक्षता पडायच्यात."

"आत्या, राहू दे ना," उत्कर्ष पुटपुटला.

"तू गप. जाकीट घातलं म्हणून हिरो झालास व्हय? उकडून मरशील त्या जाकिटात, मग ह्यांना म्हणावं काढा फोटो."

उत्कर्ष गप्प झाला. गप्प होणं त्याला चांगलं जमायचं.

पहिला फोटो नीट आला. दुसऱ्याला, बटण दाबायच्या नेमक्या क्षणी शिवांजलीनं मान फिरवली. पडद्यावर उत्कर्षचं कपाळ, नाक, हनुवटी चाकूनं कापल्यासारखी, आणि त्याच्यासमोर नुसतं उपडं घातलेलं गाडगं. तिसऱ्यालाही तेच. चौथ्यालाही. ती ठरवून करत होती.

राजेश्वरी बांध चढून वर गेली. पदर खोचलेला, घोट्यापर्यंत माती. शिवांजलीच्या खांद्याला हात लावून तिनं तिला बाजूनं वळवलं, तशी ती मुलगी ओठ न हलवता, अगदी राजेश्वरीच्या खालच्या आवाजात म्हणाली,

"काळ्या फोटोत डागबिग काय कळत न्हाय, काळजी करू नका."

राजेश्वरीचा हात खांद्यावरच राहिला.

"तुमचंच वाक्य न्हवं? आत्यांनी आमच्या घरी येऊन सांगितलं. माझ्या आईसमोर. फोटोवाली बाईच म्हणली म्हणं. तुमाला माझं नावसुद्धा माहीत न्हवतं तवा, आन डाग झाकायचा उपाय मात्र तयार."

दहा दिवसांपूर्वी आत्या दुकानात आल्या होत्या. भिंतीवरच्या काळ्या फोटोकडं बोट करून म्हणाल्या, "ह्याच्यात तोंड दिसत न्हाय न्हवं? पोरीला कोड हाय." आणि राजेश्वरी, हातातलं लॅमिनेशन सोडवता सोडवता, गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून बोलून गेली होती. तिचं त्यात काहीच नव्हतं. एक ऑर्डर होती.

राजेश्वरीचा एक नेम होता. सकाळी देवापुढं दिवा लावल्यापासून सांजवातीपर्यंत खोटं बोलायचं नाही. सात वर्षं तो चालू होता. सांजवात लावली की दिवस आठवून बघायचा. एखादा खोटा शब्द निघाला असेल तर तो देवीला नाव घेऊन सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी उपास धरायचा. त्या संध्याकाळीही तिनं दिवस आठवून बघितला होता. ते वाक्य तिला आठवलंसुद्धा नव्हतं. खोटं कुठं होतं ते? काळ्या फोटोत डाग कळत नाही, हे अगदी खरं होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"मला नका सांगू," शिवांजली म्हणाली. "काढा फोटो. उजेड चाललाय तुमचा."

आणि मग मात्र ती मुलगी पुतळ्यासारखी उभी राहिली. नाक, ओठ, हनुवटी, वेणीचा शेवट, सगळं आभाळावर लख्ख. राजेश्वरीनं अकरा फोटो काढले. एकाहून एक. प्रत्येक वेळी बटण दाबताना तिला वाटत होतं, की आपण एका माणसाला काजळी फासतोय आणि ती मुलगी ते मुकाट्यानं फासून घेतेय.

"बघू, बघू," आत्यांनी कॅमेरा मागवला. पडद्यावर डोळे बारीक करून बघितलं आणि पहिल्यांदाच चेहरा सैल सोडला. "हां. हे बेस. काय कळत न्हाय. पोरगी नाकीडोळी चांगली हाय म्हणतील लोक."

"डोळे कुठं दिसत्यात त्यात?" शिवांजलीनं विचारलं.

आत्यांनी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. त्यांना रक्तदाबाची गोळी घ्यायची होती आणि पाण्याची बाटली खाली गाडीत राहिली होती. बांधाचा उतार गुडघ्यांना पेलत नव्हता, म्हणून उत्कर्षचा हात धरून त्या पायाखाली बघत हळूहळू उतरू लागल्या. उतरता उतरता म्हणाल्या, "सूर्य बुडायच्या आत अजून दोन काढा. मी आलेच."

बांधावर दोघी उरल्या. पाण्यावरून गरम वारा येत होता.

"एवढे काळे कशाला काढून घेतले?" राजेश्वरीनं विचारलं. "न्हाय म्हणायचं."

"तुमी म्हणला का आत्यांना न्हाय?"

राजेश्वरीनं कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात सरळ केला.

शिवांजली पाण्याकडं बघत बोलत राहिली, जणू भांडण पाण्याशीच होतं. "नऊ वर्षांची व्हते तवा डाग उठला. आईनं लई दवाखाने केले, लई झाडपाला खायला घातला. मग एक दिवस दमली आणि देवीला म्हणली, डाग नेऊ नको तर नेऊ नको. हिचं लग्न ठरू दे. हिचं तोंड हाय तसं तुझ्या पायाशी आणून ठेवते. फोटो ठेवायचाय तिला, पायाशी. उद्या मंगळवार. ओटी घेऊन सकाळच्या गाडीनं निघायलीय ती तुळजापूरला. आन माझा फोटो हाय कुठं?"

"एकसुद्धा न्हाय?"

"सोलापूरला काढला व्हता. त्यानं डाग पुसून दिला, वर म्हणतोय, ताई, हे आपल्याकडून फ्रीमध्ये. मोबाईल तर न विचारताच पुसतोय. आधारकार्डावर बघितलं तर मी हाय का शेजारीण, मलाच कळत न्हाय. आत्या म्हणल्या, आज काढतील त्यातलाच एक काळा धाडते. देवीला काय कळतंय, ठेवा म्हणल्या तोच."

देवीला काय कळतंय. ती रोज सांजेला जिच्यापुढं दिवसाचा झाडा द्यायची, तिला काय कळतंय.

"इकडं या," ती म्हणाली. "सूर्याकडं तोंड करा."

"कशाला?"

"उजेड तोच हाय. मीच चुकीच्या बाजूला बसले व्हते."

ती पाण्याकडच्या दगडी उतारावर चार पावलं खाली गेली आणि वळली. आता सूर्य तिच्या पाठीशी होता आणि वर बांधावर शिवांजलीचं तोंड सगळंच्या सगळं उजेडात होतं. राजेश्वरीनं कॅमेऱ्यात चेहरा ओळखायची सोय परत चालू केली. एक लहान चौकोन थोडा घुटमळला आणि त्या मुलीच्या चेहऱ्यावर जाऊन बसला. काचेतून ते बघताना राजेश्वरीला उगीचच वाटलं, बघ, ह्या यंत्रालासुद्धा पहिल्या झटक्यात सापडली.

तिनं घाईघाईत उजव्या, सावळ्या गालाचं माप घेतलं आणि बटण दाबलं. पडद्यावर बघितलं तर सावळा गाल सुरेख आला होता, पण डाग नुसता कोरा होता. कागद फाटून मागची भिंत दिसावी तसा. त्यात कातडी नव्हती, काही नव्हतं.

काका असते तर त्यांनी फोटो पुढं सरकवला असता आणि चहाला निघून गेले असते.

जे घालवायचं न्हाय, त्याचं माप घे.

इतकी वर्षं ती हे वाक्य आभाळासाठीच वापरत आली होती. आभाळ घालवायचं नसतं म्हणून आभाळाचं माप. आज घालवायचं काय नव्हतं? तो डाग. सोलापूरवाल्यानं घालवलेला, मोबाईलनं घालवलेला, आत्यांनी काळ्यात बुडवलेला.

तिनं स्पॉट मीटरचा ठिपका थेट डागावर ठेवला. मीटर पांढऱ्याला करडं करून दाखवतं, हे काकांनी शिकवलं होतं, म्हणून मापाच्या वर दीड स्टॉप उजेड जास्त दिला. लॉक केलं.

"हसू नका. हाय तसं."

"हसतंय कोण?" शिवांजली म्हणाली, आणि तिचे डोळे सरळ, रागानं भरलेले, काचेत आले. राजेश्वरीनं बटण दाबलं.

पडद्यावर तिनं तो मोठा करून बघितला. डाग पांढरा होता, पण आता ती कातडी होती. तिच्यावरची बारीक लव दिसत होती, डोळ्याच्या कडेची भुवई अर्धी पांढरी दिसत होती, आणि डागाच्या मधोमध मोहरीएवढे तीन तपकिरी ठिपके होते. ते ठिपके आजवर फक्त त्या मुलीच्या आईनंच बघितले असतील.

"आईच्या हातात देते," राजेश्वरी म्हणाली. "गाडी सुटायच्या आत. शब्द देते."

"तुमी?"

"मी खोटं बोलत न्हाय." हे म्हणताना तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली.

"काय काढताय?"

धुरपदाआत्या बांधाच्या कडेला उभ्या होत्या. उत्कर्ष मागं पाण्याची बाटली घेऊन. आत्यांनी शिवांजलीचं सूर्याकडं असलेलं तोंड बघितलं, खाली दगडांवर उभ्या राजेश्वरीकडं बघितलं.

"काळाच काढला न्हवं?"

किती सोपं होतं. एक 'व्हय' म्हटलं की आत्या खुर्ची उचलून निघाल्या असत्या. सूर्य अजून बुडाला नव्हता. सांजवातीला अजून वेळ होता.

"न्हाय, आत्या. तोंडाचा काढला."

"पुसा तो."

"न्हाय पुसणार."

आत्यांना नीट ऐकू आलं नसावं असं क्षणभर वाटलं. मग त्या कडेपर्यंत आल्या, आणि इतका वेळचं 'तुमी' त्यांनी तिथंच टाकलं. "काय म्हणलीस? परत म्हण. कुणाचं काम करतीयास तू? आमचं. कुणी बोलावलं तुला? आमी. आन आमच्याच अंगणात येऊन आमच्याच तोंडावर न्हाय म्हणतीयास?"

"काळे अकरा तुमचे हायत, आत्या. तुमी सांगाल तवा देते. हा एक ह्यांचा हाय."

"हिचा? हिचं काय हाय अजून? हिच्या तोंडाकडं बघून सगळा गाव काय म्हणंल ते तू ऐकणार हायस का मी? माझ्या दोन भाच्या लग्नाच्या हायत घरात. उद्या त्यांना बघायला आलेला माणूस बॅनर बघून विचारंल, वहिनीला काय झालंय, रक्तात हाय का काय, घरात अजून कुणाला हाय. मग कोण उत्तर देणार? तुझा तो कॅमेरा देणार?" त्यांचा आवाज चिरकला. "म्या चाळीस वर्षं हे घर असंच राखलं न्हाय. लोकांची तोंडं गप ठेवून राखलंय."

हे खोटं नव्हतं. राजेश्वरीला ते कळत होतं, आणि म्हणून तिला मान वर करून बोलायला दोन श्वास जास्त लागले.

"बॅनरला देत न्हाय मी. पत्रिकेलाबी न्हाय. ह्यांच्या आईला देणार हाय. देवीच्या पायाशी ठेवायला."

"मॅडम," उत्कर्ष पुढं झाला. "आपलं काय ठरलं होतं? प्लीज, डिलीट करा ना. विषय कशाला वाढवायचा?"

शिवांजलीनं त्याच्याकडं बघितलं. मग आत्यांना म्हणाली, "म्या सांगितलं काढायला. नवस माझ्या आईचा हाय. त्यांच्यावर ओरडू नका."

"तर मग बसा मायलेकी घरी नवस फेडत!" आत्या म्हणाल्या. त्यांनी खुर्ची उचलली, उत्कर्षच्या हातात कोंबली. "तो फोटो तामलवाडीला पोचला तर मला आत्या म्हणू नको. आन तू गं," त्या राजेश्वरीकडं वळल्या, "एका लग्नाचं काम मिळतंय का बघ नळदुर्गात. सांजवात लावतीस न्हवं रोज? लाव. दुसरं काय उरणार न्हाय करायला."

तिघं गाडीकडं गेले. शिवांजली मागं बसली. गाडी वळून धुळीत निघून जाईपर्यंत तिनं एकदाही बांधाकडं बघितलं नाही. आभार वगैरे तर लांबच. राजेश्वरीनं लेन्सवरची धूळ पुसली, स्कूटीवर बसली आणि दुकानात आली.

सांजवात दुकानातच लावली. मच्छिंद्रकाकांचा फोटो एका कोनाड्यात होता, देवीची तसबीर दुसऱ्यात. काकांनी आपल्या हयातीतच देवीसाठी तो दुसरा कोनाडा मोकळा करून दिला होता. हात जोडून ती नेहमीसारखा दिवस आठवू लागली. आजच्या दिवसात खोटं काही सापडलं नाही. मग ती दहा दिवस मागं गेली, आणि ते खरं वाक्य, शब्दन् शब्द, तिनं देवीला सांगितलं.

फोटो कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा कातडी गुळगुळीत करणारी सोय आपोआप चालू झाली आणि डागाची कड विरघळायला लागली. तिनं ती बंद केली. दुसरं काही केलं नाही. प्रिंट निघाली, ओली नसतानाही तिनं सवयीनं ती दोन बोटांनी कडेला धरली. कागदावरून ती मुलगी तिच्याकडं रागानंच बघत होती. असू दे. देवीनं राग बघितलेला आहे.

तेवढ्यात उत्कर्षचा फोन आला.

"मॅडम, लग्नाचं काम दुसऱ्याला दिलंय आत्यानं. आणि... तो फोटो तिकडं गेला तर उद्याच माणसं पाठवून लग्न मोडते म्हणतीय. खरंच मोडेल ती. तुम्ही तिला ओळखत नाही."

"तुमचं काय म्हणणं हाय, दादा?"

पलीकडं भांडी आपटल्याचा आवाज आला, आत्यांचा आवाज आला, दार लावल्याचा आवाज आला. उत्कर्षचा मात्र आला नाही.

"मी बघतो नंतर," तो शेवटी म्हणाला आणि फोन ठेवला.

राजेश्वरी प्रिंट समोर ठेवून बसून राहिली. एका कागदानं लग्न मोडायचं असेल, तर ते मोडणारा हात तिचा. आईच्या हातात फोटो आणि दारात लग्न मोडायला आलेली माणसं, एकाच दिवशी. आणि नाही नेला, तर उद्या देवीच्या पायाशी एक काळी आकृती, नवस फेडला म्हणून. त्या मुलीला विचारायला हवं होतं. पण तिचा नंबर राजेश्वरीकडं नव्हता. ती उठली, शटर अर्धं ओढलं, परत बसली.

मोबाईल वाजला. अनोळखी नंबरावरून एकच ओळ आली होती.

"आई सातला फाट्यावर उभी राहील. हिरवं लुगडं."

खाली नाव नव्हतं, विनंती नव्हती. उत्कर्षनं तिला सांगितलं असणार, ते सगळं ऐकून लिहिलेली ती ओळ होती. राजेश्वरीनं ती दोनदा वाचली आणि दोन पुठ्ठे शोधायला उठली.

सकाळी घरातले झोपेत असताना तिनं अंघोळ करून दिवा लावला. मंगळवारचा तिचा नेहमीचा उपास. आज चहाही घेतला नाही. प्रिंट दोन पुठ्ठ्यांच्या मधी घालून, वर पातळ कापड गुंडाळून पिशवीत ठेवली. पिशवी खांद्याला लावण्याआधी तिनं ती एकदा देव्हाऱ्याला टेकवली.

मोबाईलवर धुरपदाआत्यांचे चार मिसकॉल होते. पाचवा वाजत होता. तिनं तो वाजू दिला. उचलून काही खोटं सांगायचं नव्हतं, आणि खरं काल सांगून झालं होतं.

कुणाची झोपमोड नको म्हणून स्कूटी तिनं चालू न करताच गल्लीच्या तोंडापर्यंत हातानं ढकलत नेली. पूर्वेला अजून नुसतीच राख होती. हायवेच्या कडेला येऊन तिनं पिशवीचा बंद पोटाशी घट्ट केला, किल्ली फिरवली आणि तामलवाडीच्या रस्त्याला लागली.